खाणीवरचा रविवार

"एका टनात साडेचार ग्रॅम," आप्पा म्हणाले आणि त्यांनी लाल पेन माझ्यापुढं ठेवलं. "हे चांगलं की वाईट, एवढंच सांग. कारणं नंतर."

आप्पा म्हणजे माझे सासरे. एकतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवून, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापकाच्या खुर्चीत काढून, त्या मार्चमध्ये निवृत्त झाले होते. घरात कुणाशीही बोलले तरी पेपर वाटल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी त्यांनी मला वाटलेला पेपर होता 'कनकसिद्धी मायनिंग लिमिटेड' या कंपनीचं माहितीपत्रक. वर उगवता सूर्य, आत सत्तर पानं मुंगीएवढी अक्षरं.

साल होतं चौऱ्याण्णव. कोल्हापुरात तेव्हा शेअरचे फॉर्म पानपट्टीवरसुद्धा मिळायचे. सिमेंट, कोळंबी, सागवान, कशाचेही शेअर निघत आणि लोक रांगा लावून ते भरत. त्यात ही तर सोन्याची खाण, कर्नाटकात, गदगच्या पलीकडं. फॉर्म घेऊन आला होता प्रफुल्ल शेटे, आप्पांचा जुना विद्यार्थी. टक्केवारीच्या धड्यात आप्पांनी त्याला दोनदा नापास केलं होतं, आणि आता तो टक्केवारीवरच पोट भरत होता.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची. कॉलेजात भूगर्भशास्त्राची नवी लेक्चरर. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि त्या दीड वर्षात माझ्या शिक्षणाचा घराला एकदाच उपयोग झाला होता. सासूबाई मला पाथरवटाकडं पाटा निवडायला घेऊन गेल्या. मी निवडलेला पाटा तीन महिन्यांत दुभंगला. तेव्हापासून माझ्या एम.एस्सी.चा विषय घरात निघत नसे. माझे यजमान औषध कंपनीचे प्रतिनिधी, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. त्यामुळं घरातल्या सगळ्या भानगडींना आम्ही तिघंच पुरायचो.

आप्पांना फंडाचे एक लाख साठ हजार मिळाले होते. त्यांचं काय करायचं, यावर महिनाभर धुसफूस चालू होती. सासूबाईंचं, म्हणजे आक्कांचं, ठरलेलं होतं. कळंब्याच्या रस्त्याला दोन गुंठ्यांचा प्लॉट पंच्याहत्तर हजारांना मिळत होता. मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. मंगळवार पेठेतल्या तीन भाड्याच्या खोल्यांत आक्कांनी सगळा संसार काढला होता, आणि तिथं पाच बिऱ्हाडांत मिळून एक नळ होता.

"मला सोनं नको," त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मला माझा नळ पाहिजे. पुढं कुणाची बादली हाय ते न बघता एकदा पाणी भरायचंय."

"अगं, सहा महिन्यांत दुप्पट होतात," आप्पा म्हणाले. "मग नळ काय, गच्चीवर टाकी बांधू. पद्मजा बघतेय ना. तिच्या अभ्यासाचा विषय आहे. ती म्हणेल तसं."

ती म्हणेल तसं. हे वाक्य त्या घरात माझ्याबद्दल कुणी कधी उच्चारलं नव्हतं. माझी मान आपोआप ताठ झाली.

मी आठवडाभर ते पत्रक वाचलं. साडेचार ग्रॅम हे काही वाईट नव्हतं. टनभर दगड फोडून त्याहून कमी सोनं निघणाऱ्या खाणीही चालतात. पण 'अंदाजे', 'संभाव्य' आणि 'अपेक्षित' हे शब्द मी लाल पेनानं अधोरेखित करायला घेतले आणि एकसष्टपर्यंत मोजून नाद सोडला. शेवटी मी शहाण्यासारखं सांगितलं, "आप्पा, कागदावरून काही खरं नाही. जागा बघायला पाहिजे."

"बघा की," प्रफुल्ल म्हणाला. "येत्या रविवारी बसच चाललीय. जाणं-येणं फुकट, वर जेवण."

रविवारी पहाटे आम्ही स्टँडजवळून निघालो. आक्कांनी धपाटी आणि दह्याचा डबा बांधून दिला. बसमध्ये चाळीसेक माणसं होती, बहुतेक सगळी निवृत्त. सगळ्यांच्या खिशात चेकबुकं आणि डोक्यावर नव्या टोप्या. आप्पा पुढं प्रफुल्लशेजारी बसले आणि त्याला चक्रवाढ व्याज समजावू लागले. माझ्या शेजारी कुणी बसेना, कारण खिडकीत एक साठीची काटक बाई मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली मोठी परात घेऊन बसली होती आणि ती परात दीड माणसाची जागा खात होती.

"राऊबाई झारेकरी," तिनं आपण होऊन सांगितलं. "गुजरीतला केर माझ्याकडं असतोय."

गुजरी म्हणजे कोल्हापुरातली सराफांची गल्ली. तिथल्या दुकानांतला आणि सोनारांच्या ओट्यांखालचा केर फुकट जात नाही. त्यात सोन्याचे कण असतात. झारेकरी तो वर्षाच्या बोलीनं विकत घेतात, जाळतात, कुटतात, परातीत धुतात आणि त्यातून सोनं काढतात. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. झारेकरी बघितली ती पहिल्यांदाच.

"तुम्ही पण पैसे घालणार?" मी विचारलं.

"वीस हजार हायत. पन आधी बघनार. जल्मभर लोकांच्या पायाखालचं सोनं येचलंय, ताई. जमिनीतलं कसं असतंय ते एकदा बघू म्हनलं."

मग मी तिला जमिनीतलं सोनं कसं असतं ते सांगायला लागले. गारगोटीच्या शिरा, तप्त द्रव, भूकंप, सगळं. बेळगाव जाईपर्यंत मी शिकवत होते. राऊबाई मधूनमधून "असं व्हय" म्हणत होती. तिला झोप लागली आहे हे मला धारवाडला कळलं.

दुपारी बाराला आम्ही खाणीवर पोचलो. खाण म्हणजे विहिरीएवढा एक खड्डा होता. त्याच्या कडेला फोडलेल्या दगडांच्या चुऱ्याचा ढीग, पलीकडं सिमेंटची एक टाकी, आणि या सगळ्यापेक्षा मोठा असा लग्नाचा मांडव. खाणीचे व्यवस्थापक धारेश्वर साहेब पिवळं हेल्मेट घालून हात जोडून उभे होते. हेल्मेटं एकूण तीन होती. ती आळीपाळीनं घालून सगळ्यांनी खड्ड्याच्या काठावर फोटो काढले. बायकांनी दगड फोडायच्या यंत्राला हळदीकुंकू वाहिलं. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी नारळ फोडला आणि खोबरं वाटताना यंत्रालाही एक तुकडा ठेवला.

"आमच्यावर विश्वास ठेवू नका," धारेश्वर म्हणाले. त्यांचं मराठी बेळगावी आणि गोड होतं. "नमुना तुम्हीच उचला, तुम्हीच धुवा, तुम्हीच बघा."

हे ऐकून आप्पांची कळी खुलली. ते ढिगापाशी गेले आणि काठीनं त्याचे नऊ भाग पाडले.

"बसचा नंबर काय?"

"एक्केचाळीस सत्तावीस," कुणीतरी सांगितलं.

"चार, एक, दोन, सात. चौदा. चौदाचे पाच. पाचव्या भागातला नमुना घ्या, आणि वरचा नको, हातभर आतला."

लोकांनी कौतुकानं माना डोलावल्या. त्या चुऱ्याचं एक घमेलं भरून टाकीपाशी आणलं. टाकीतलं पाणी चहासारखं गढूळ होतं. कंपनीचा मुकादम दर खेपेला लांब काठीनं ते तळापासून ढवळायचा आणि मग म्हणायचा, "आता घ्या." मी साडीचा पदर खोचून थाळी हातात घेतली. विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवलेली कृती मी आयुष्यात पहिल्यांदाच करत होते. फिरव, हलव, पाणी सांड, परत बुडव. चाळीस माणसं श्वास रोखून उभी. शेवटी थाळीत चिमूटभर काळी रेती उरली आणि त्या रेतीच्या कडेला पिवळी रेघ चमकली.

मी पर्समधलं भिंग डोळ्याला लावलं. पायराइट नावाचं एक खनिज सोन्यासारखं दिसतं आणि भल्याभल्यांना फसवतं. ते ठिसूळ असतं. मी टाचणीनं कण दाबला. फुटला नाही, चेपला. मी मान वर केली.

"सोनं आहे," मी म्हणाले. "खरं सोनं."

टाळ्या पडल्या. पोस्टमास्तरांनी मला वाकून नमस्कार केला. मेरिटमध्ये आलेल्या मुलाकडं पाहावं तसं आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, आणि तिथंच मांडवाच्या खांबाला टेकून एक लाख साठ हजारांचा चेक लिहिला. धारेश्वर म्हणाले, "सर, रेघा मारू नका, अलॉटमेंट लवकर होते." रेघा न मारलेला चेक कुणीही खिडकीवर जाऊन वटवू शकतो. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी टाळ्यांच्या नशेत होते.

"राहू द्या की आप्पा," मी म्हणाले.

धारेश्वरांनी आप्पांचा चेक आणि आणखी सहासात जणांचे चेक पत्र्याच्या पेटीत ठेवले, पेटी जीपमध्ये ठेवली, आणि "हेड ऑफिसला पोचवून येतो, तुम्ही जेवा" म्हणून निघून गेले. बाकीच्यांचे फॉर्म गोळा करायला प्रफुल्ल थांबला. मांडवात पंगत बसली.

पंगतीला राऊबाई नव्हती. ती टाकीच्या काठावर माझी थाळी घेऊन उकिडवी बसली होती. मी जिलेबी हातात घेऊनच तिच्यापाशी गेले.

"ताई, हे कानशीचं हाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"सोनार दागिना कानशीनं घासतोय का न्हाई? त्याचा कीस हाय ह्यो."

"नाही हो राऊबाई. निसर्गात सोन्याचे कण असेच बारीक असतात."

"असतील. म्या न्हाई बघितलं. पन हे म्या रोज बघते. जमिनीतल्या सोन्याचा कन कुंडलासारखा वळलेला असतोय व्हय? तुमच्याकडं भिंग हाय, बघा की."

मी बघितलं. कण चपटा नव्हता, गुळगुळीत नव्हता. पेन्सिलीच्या सालपटासारखा वळलेला होता आणि त्याच्या पाठीवर शेजारी शेजारी बारीक चरे होते. दुसरा कण तसाच. तिसराही तसाच. कोट्यवधी वर्षांचा निसर्ग इतक्या सरळ रेघा मारत नाही.

"आनि पानी बघा," राऊबाई म्हणाली. "धुवायला गढूळ पानी कोन घेतंय? तळातलं वर यावं म्हनून ढवळतोय त्यो."

मला सगळं कळलं. तरी मी तिथं बसून राहिले. टाळ्या वाजवलेली चाळीस माणसं जिलेबी खात होती आणि त्यांच्यापुढं जाऊन काय सांगायचं हे मला सुचेना. पाच मिनिटं तरी मी गप्प होते. त्या पाच मिनिटांची मला आजही लाज वाटते.

राऊबाईला अशी अडचण नव्हती. ती उठली, बसपाशी गेली, मागच्या चाकाला चिकटलेला चिखल तिनं परातीत खरवडला आणि टाकीपाशी येऊन मोठ्यानं म्हणाली, "हिकडं या समदी. बघा."

लोक हात चाटत जमा झाले. मुकादम काठी टाकून कुठंतरी नाहीसा झाला होता, म्हणून राऊबाईनं स्वतःच पाणी ढवळलं. तिचे हात मी अजून विसरले नाही. माझी अर्ध्या तासाची धडपड तिनं दोन मिनिटांत केली. परातीच्या कडेला पिवळी रेघ उमटली, माझ्यापेक्षा ठळक.

"ह्यो आपल्या बसचा चिखल हाय," ती म्हणाली. "कळलं का?"

मग पोस्टमास्तर म्हणाले, "म्हणजे इथल्या रस्त्यावरसुद्धा सोनं आहे."

त्यानंतर जे झालं ते सांगितलं तर खोटं वाटेल. माणसं धावत सुटली. कुणी रुमालात माती भरली, कुणी जेवणाचा डबा रिकामा करून त्यात भरली. दोन निवृत्त नर्स बहिणी बसच्या चाकांना लागल्या. एका बाईंनी स्वतःच्या चपला झटकून ती धूळ पदरात बांधली. राऊबाई मधोमध उभी राहून ओरडत होती, "अवो, टाकीत हाय ते, टाकीत," आणि ते ऐकून चौघांनी टाकीतलं पाणी थर्मासमध्ये भरून घेतलं.

आप्पा मात्र जागचे हलले नव्हते. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"पद्मजा, काय आहे हे?"

"आप्पा, मी चुकले," मी म्हणाले. "सोनं खरं आहे, पण खाणीतलं नाही. कुणीतरी टाकीत आणून टाकलंय."

"आणि ढिगात?"

"ढिगात काही नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे माझी नमुना निवडायची पद्धत बरोबर होती."

"अगदी बरोबर होती."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. पण टोपी काढून हातात घेतली आणि परत घालायला विसरले.

मग ते खुर्चीवर चढले, शाळेत प्रार्थनेच्या वेळी उभे राहत तसे, आणि सगळ्यांना त्यांनी नीट समजावून सांगितलं. माझी चूक लपवली नाही, राऊबाईचं श्रेय तिला दिलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर," पोस्टमास्तर म्हणाले, "तुम्ही तुमचा चेक आधी दिलात, आणि आता आम्हाला देऊ नका म्हणताय. आम्ही काय दुधखुळे आहोत?"

आणि ते फॉर्म घेऊन प्रफुल्लकडं वळले. प्रफुल्ल बसच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. त्यानं बायकोच्या पाटल्या मोडून याच कंपनीत घातल्या होत्या, हे आम्हाला तेव्हा कळलं. तो फॉर्म घेईना. लोकांनी ते त्याच्या खिशात कोंबले.

परतीच्या वाटेवर बसमध्ये मातीचा वास होता. प्रत्येकाच्या मांडीवर गाठोडं. राऊबाईच्या मांडीवर परात होती आणि परातीवर ओलं, गच्च बांधलेलं लुगडं.

"हे काय?" मी विचारलं.

"टाकीतला गाळ. मुकादम मांडवामागं गावला. त्याला पाच रुपये दिलं आनि म्हनलं, टाकी धुऊन देते." ती हळूच म्हणाली. "पाऊन तोळा तरी असंल."

पुढं कळलं की तेवढं निघालंही. कनकसिद्धी कंपनी नंतर बुडाली असं लोक म्हणतात, पण बुडायला आधी तरंगावं लागतं. त्या खाणीतून आजवर नफा झालेली मला माहीत असलेली एकमेव व्यक्ती राऊबाई झारेकरी.

कोल्हापूर येईपर्यंत मी मनात तोच तोच हिशेब मांडत होते. हिशेब सोपा होता. सोमवारी साडेदहाला बँक उघडणार. धारेश्वर आधी पोचला तर चेक वटणार, आप्पा आधी पोचले तर थांबणार. महिनाअखेरीला चार दिवस उरले होते. माझ्या डोळ्यांपुढून तो पाच बिऱ्हाडांचा नळ हलत नव्हता.

घरी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. आप्पांनी हातपाय धुतले, पाटावर बसले आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. रेघा न मारल्याचंही सांगितलं. फक्त ते मी सुचवलं हे सांगितलं नाही, म्हणून ते मी सांगितलं.

आक्का आमटी वाढत होत्या. "मीठ बघा बरं," त्या म्हणाल्या.

"ऐकतेस ना?" आप्पांचा आवाज चढला. "उद्या तो आधी गेला तर सगळे जातील. एक लाख साठ हजार."

"एवढं खात्यावर न्हाईत," आक्का म्हणाल्या. "पंच्याऐंशी हायत."

आप्पांचा घास हातातच राहिला.

"काल, शनिवारी, पंच्याहत्तर काढलं. प्लॉटवाल्याला दिलं. पावती देव्हाऱ्यात हाय. खात्यावर माझं नाव तुम्हीच घातलंय न्हवं? 'मी मेलो तर तुझी पळापळ नको' म्हणून?"

आप्पांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, मग राग, आणि मग खरी काळजी.

"म्हणजे माझा चेक परत येणार? सरनाईक मास्तरचा चेक?"

"येऊ दे की."

"मग आम्हाला एवढं लांब जाऊ कशाला दिलंस?"

"हौस होती दोघांची. धपाटी बी करून दिली."

"अगं पण मला एका शब्दानं विचारायचं तरी."

आक्कांनी आमटीचं भांडं खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "विचारलं असतं तर तुम्ही हिला विचारलं असतं."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी ताटाकडं पाहिलं. मला एकदम रडू यायला लागलं आणि त्याच वेळी हसूही, आणि दोन्ही आवरायला मी भात कालवत राहिले. आक्का उठल्या, माझ्या भातावर तूप वाढलं, आणि एरवी चमचाभर तुपावर हात आखडणाऱ्या त्या बाईनं दुसरा चमचाही सोडला.

"जेव," त्या म्हणाल्या. "दमली असशील."